भिंतीवरचा जुना कागद बघताना नक्षी सगळ्यात शेवटी

प्रश्न असा आहे: इंग्लंड-अमेरिकेत राहणारे किंवा फिरायला जाणारे आपले लोक तिथली जतन केलेली जुनी घरं आवर्जून बघतात. खोल्याखोल्यांतला वॉलपेपर डोळ्यांत भरतो, पण तो खरंच त्या काळातला आहे की नव्याने छापून लावलेला, हे कसं ओळखायचं? आणि ज्यांनी तिकडे व्हिक्टोरियन काळातलं घर विकत घेतलं आहे, त्यांना भिंतीत जुना कागद सापडला तर काय करायचं?

आपल्याकडे ही नजर तयार व्हायला फारसा वाव नव्हता. दमट हवा, वाळवी आणि कसर यांच्यापुढे खळीने चिकटवलेला कागद टिकत नाही. चुन्याची भिंत मात्र दरवर्षी नव्याने सारवता-रंगवता येते. त्यामुळे कागदाची भिंत बघताना आपण सवयीने चित्र बघतो, म्हणजे फुलं, पक्षी, वेली. गफलत इथेच होते. नक्षीवरून फक्त एवढंच कळतं की कागद अमुक सालाच्या आधीचा नाही. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस याची ‘ट्रेलिस’ ही गुलाबाच्या जाळीची नक्षी १८६२ ची, बाजारात आली १८६४ मध्ये आणि आजही विकत मिळते. तीच नक्षी असलेली भिंत दीडशे वर्षं जुनी असू शकते किंवा दोन वर्षांपूर्वीची. म्हणून आधी सांधे, मग कागद, मग रंगाचा थर, मग कडा बघा. नक्षी शेवटी.

सांध्यांपासून सुरुवात करू. भिंतीसमोर उभं राहू नका. भिंतीला लागून बाजूला उभे राहा आणि खिडकीचा उजेड तिरका पडतो त्या दिशेने नजर टाका. कागदावर साधारण अर्ध्या मीटरच्या अंतराने आडवे सांधे दिसले, तर तो हाताने केलेल्या सुट्या तावांचा कागद आहे. ताव आधी एकमेकांना चिकटवून लांब पट्टा करायचे आणि मग छापायचे, त्यामुळे छापलेला रंग सांध्यावरून अखंड जातो. ब्रिटनमध्ये १८३० पर्यंत अबकारी नियमांमुळे यंत्रावरचा सलग कागद या कामाला वापरता येत नव्हता, म्हणून आडवे सांधे ही १८३० च्या आधीची चांगली खूण. चांगल्या प्रतिकृतीतही असे सांधे मुद्दाम ठेवतात, पण तिथे ते सगळे एकसारखे, स्वच्छ आणि सपाट असतात. जुन्या सांध्याची कड थोडी उचललेली असते आणि तिच्यावर धूळ बसून बारीक काळी रेघ तयार झालेली असते.

उभे सांधेही बोलतात. जुना कागद दोन्ही बाजूंना कोरी किनार ठेवून यायचा. लावणारा कारागीर एकाच बाजूची किनार कापायचा आणि ती कापलेली कड शेजारच्या पट्ट्याच्या कोऱ्या किनारीवर चढवायचा. काम खिडकीपासून सुरू करून आत सरकायचं, म्हणजे चढलेल्या कडेची सावली पडत नाही. कड चढलेली असेल तर जुनी पद्धत, कडेला कड भिडवलेली असेल तर बहुधा विसाव्या शतकातली किंवा नंतरची. पट्ट्याची रुंदीही उपयोगी पडते. इंग्रजी पट्टा २१ इंच, फ्रेंच पट्टा साधारण १८ इंच. आजची गुंडाळी ५२-५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असते. म्हणजे २१ इंचावरून जुनं-नवं ठरत नाही, पण इंग्लंडमधल्या घरात १८ इंची पट्टे दिसले तर फ्रान्सहून मागवलेल्या मालाची शक्यता धरा. हात न लावता मोजायचं तर जवळच्या दाराच्या रुंदीशी ताडून बघा.

आता रंगाचा थर. लाकडी ठशांनी छापलेल्या कागदावर रंग खडू, रंगद्रव्य आणि सरस यांचा असतो. तो घट्ट, निस्तेज आणि किंचित उंच बसतो. ठसा उचलताना रंग ओढला जातो, म्हणून आकाराच्या कडेला बारीक वरंबा आणि मधोमध खरबरीत पोत दिसतो. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यांत जुळवणीसाठी पितळी खिळे असत. त्यांचे टिंब किनारीवर किंवा नक्षीच्या आडोशाला ठरावीक अंतरावर सापडतात. ते सापडले की ठशाचा आकार कळतो, आणि त्यावरून नक्षी किती तुकड्यांत विभागली होती तेही. मॉरिसच्या ‘अकँथस’ या १८७५ च्या कागदाला ३० ठसे आणि १५ रंग लागत. प्रत्येक रंग वाळल्याशिवाय पुढचा ठसा टेकवता येत नाही. किंमत का चढायची, हे या एका गोष्टीवरून समजेल.

लँकेशायरमधल्या डार्वेन गावच्या पॉटर मंडळींनी १८३९ मध्ये रुळांच्या छपाईचं पेटंट घेतलं आणि कागद स्वस्त झाला. यंत्राला रंग पातळ लागतो आणि सगळे रंग एकाच फेरीत ओल्यावर ओले बसतात. म्हणून रुळाच्या छपाईत रंग विरळ दिसतो, आकाराच्या कडा गडद आणि मध्य फिका असतो, शेजारचे रंग एकमेकांत किंचित उतरतात. नक्षीची पुनरावृत्ती रुळाच्या परिघाएवढीच असते, त्यामुळे ती बऱ्याचदा आखूड. त्यानंतरच्या काही दशकांत चिंध्यांच्या लगद्याची जागा हळूहळू लाकडाच्या लगद्याने घेतली. तो आम्लधर्मी असतो, तपकिरी पडतो आणि दुमडला की तुटतो. यातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते: १७८० चा कागद अजून लवचिक असतो आणि १८८० चा बोटाखाली चुरा होतो. वयावरून टिकाऊपणा ठरवू नका.

प्रतिकृती बहुतेक जाळीछपाईची (स्क्रीन प्रिंटिंग) किंवा डिजिटल असते. जाळीछपाईचा थर एकसारखा सपाट बसतो, वरंबा नसतो. डिजिटल छपाई ओळखणं सगळ्यात सोपं. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून जवळून फोटो काढा आणि मोठा करा, एकरंगी वाटणाऱ्या पानात निरनिराळ्या रंगांचे बारीक ठिपके दिसतील.

कागदाची पाठ बघायला मिळाली, एखाद्या प्रदर्शनाच्या पेटीत किंवा स्वतःच्या घरात, तर ती संधी सोडू नका. ब्रिटनमध्ये १७१२ पासून छापील कागदावर चौरस यार्डाला एक पेनी कर होता, १७१४ मध्ये तो दीड पेनी झाला आणि १८३६ मध्ये उठला. कर भरल्याचा शिक्का कागदाच्या पाठीवर असे. १८०६ मध्ये हा शिक्का बनावट करणं देहदंडाच्या गुन्ह्यांत घातलं गेलं, इतकी चोरी चालायची. नंतरच्या काळात किनारीवर नक्षीच्या नोंदणीची हिऱ्याच्या आकाराची खूण सापडते. ती १८४२ ते १८८३ मधली, आणि माथ्यावरचा रोमन पाच हा कागदाच्या वर्गाचा आकडा. चढवलेल्या सांध्याखाली एक किनार शाबूत राहते, म्हणून सुटलेला सांधा दिसला की आत डोकावून बघावं.

दोन प्रकारांना वेगळी नजर लागते. पहिला फ्लॉक. चिकट वार्निशने नक्षी छापून त्यावर लोकरीचा रंगीत भुगा शिंपडायचा, म्हणजे मखमलीसारखी भिंत तयार होते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये याची मोठी चलती होती. मूळ फ्लॉकमध्ये लोकर ठिकठिकाणी झडलेली असते. नव्यात बहुधा कृत्रिम तंतू असतो, त्याला चकाकी जास्त. दुसरा प्रकार चिनी हातरंगी कागद. कँटनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आल्यामुळे जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘इंडिया पेपर’ म्हटलेलं आढळेल, पण त्याचा भारताशी संबंध नाही. यॉर्कशायरमधल्या नॉस्टेल प्रायरी या घरात फर्निचर बनवणाऱ्या टॉमस चिपेंडेलने १७७१ मध्ये असा कागद लावला. यात पुनरावृत्ती नसते, प्रत्येक पट्टा वेगळा रंगवलेला असतो. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर एखादा पक्षी किंवा फुलपाखरू बसलेलं दिसलं तर नीट बघा. बऱ्याचदा ते वेगळं कापून सांधा किंवा डाग झाकण्यासाठी चिकटवलेलं असतं. हा कागद शक्यतो थेट गिलाव्यावर न लावता लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडावर लावत. म्हणून तो उतरवून दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या घरातही जाऊ शकत असे.

भारताशी खरा संबंध आहे तो फ्रान्समधल्या एका कागदाचा. अल्सासमधल्या रिक्सहाइम गावचा झ्युबेर कारखाना निसर्गदृश्यांचे अखंड कागद काढायचा, भिंतभर चित्र आणि पुनरावृत्ती नाही. १८०७ मध्ये त्यांनी ‘हिंदुस्तान’ हा २० पट्ट्यांचा देखावा छापला. त्याला १,२६५ ठसे आणि ८५ रंग लागले. आधार होता टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांच्या भारतातल्या चित्रांचा. हे दोघे १७८६ ते १७९३ या काळात भारतात फिरले, शेवटी मुंबईलाही आले होते. पण हा देखावा नकाशासारखा वाचू नका. निरनिराळ्या प्रांतांतल्या इमारती एकाच नदीकाठी शेजारी मांडल्या आहेत, कारण गिऱ्हाइकाला जेवणघराच्या भिंतीवर लांबवर पसरलेलं दृश्य हवं होतं. अशा कागदात आकाश मुद्दाम उंच ठेवत, म्हणजे खोलीच्या उंचीप्रमाणे वरून कापता येई. बघताना आकाश कुठे कापलंय आणि दारांच्या वर काय उरलंय ते पाहा. कागद याच खोलीसाठी घेतला होता की दुसरीकडून आणून बसवला, ते तिथे कळतं. व्हाइट हाउसच्या डिप्लोमॅटिक रिसेप्शन रूममधला ‘उत्तर अमेरिकेची दृश्यं’ हा झ्युबेरचाच १८३४ चा कागद मेरीलँडमधल्या एका घरातून उतरवून १९६१ मध्ये तिथे लावला गेला. कागद अस्सल जुना, खोलीशी नातं मात्र १९६१ चं. अस्सल म्हणजे काय, हे विचारताना ही दोन उत्तरं वेगळी ठेवायला हवीत.

रंग उडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे जाणकारही फसतात. जुन्या कागदावर निळी पानं दिसली तर ती कलाकाराची लहर समजू नका. हिरवा रंग निळ्यात वनस्पतीचा पिवळा मिसळून केलेला असायचा. उजेडाने पिवळा मरतो आणि निळा उरतो. तांबड्या फुलांचे गुलाबी आणि गुलाबीचे मातकट होतात ते याच कारणाने. उलट खनिज रंग, गेरू, काजळी आणि कृत्रिम अल्ट्रामरीन निळा चांगले टिकतात. म्हणून एकाच नक्षीतले काही रंग ताजे आणि काही मेलेले दिसतात, सगळी नक्षी सारखी फिकी पडत नाही. मूळ रंग बघायचा असेल तर कपाटामागे, आरशाखाली, दाराच्या चौकटीच्या फळीआड आणि विजेच्या बटणांच्या पट्टीखाली. प्रतिकृती करणारे अशाच जागेवरून नमुना घेतात, म्हणून ती पाहून लोक म्हणतात, ‘फारच भडक केलंय.’ बहुतेक वेळा तो भडकपणाच खरा असतो. फिका कागद शोभून दिसतो हे मान्य, पण त्या घरातल्या माणसांनी तो तसा कधी पाहिलेला नसतो.

त्यांचा उजेडही वेगळा होता. मेणबत्ती आणि तेलाच्या दिव्याचा उजेड पिवळा, खालून आणि हलता. सोनेरी वर्ख, अभ्रकाची पूड आणि फ्लॉकचे उंचसखल आकार त्या उजेडात जिवंत होतात. छतातल्या पांढऱ्या दिव्यात ते मेल्यासारखे दिसतात. घरात मार्गदर्शक असेल तर एखादा दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात खोली दाखवायची विनंती करा. ससेक्समधलं स्टँडन हे वास्तुरचनाकार फिलिप वेबने बांधलेलं घर याला अपवाद आहे. ते १८९४ मध्ये पूर्ण झालं तेव्हापासूनच तिथे वीज होती, तेव्हा मॉरिसचे कागद विजेच्या दिव्यात बघणं तिथे योग्यच. तिथल्या दिवाणखान्यातला ‘सनफ्लॉवर’ हा मॉरिसचा कागद दिवा लावलेला असताना आणि नसताना, दोन्ही वेळा बघा. संग्रहालयातल्या खोल्या अंधाऱ्या का असतात याचं उत्तरही रंगांत आहे. कागदासाठी साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढ्या मंद उजेडाची मर्यादा पाळतात, म्हणून पडदे ओढलेले असतात. आत गेल्यावर पाच मिनिटं नुसते थांबा, डोळे सरावतात आणि रंग वर येतात.

कागद एकटा कधी नसतो. १८७० ते १८९० च्या दशकांत भिंतीचे तीन भाग करायची पद्धत होती: खाली कंबरेइतका डॅडो, मध्ये मुख्य भाग, वर छताखाली रुंद पट्टी. तिन्हींना वेगळे पण एकमेकांशी जुळणारे कागद. जिना आणि प्रवेशाच्या वाटेवर डॅडोला लिंक्रस्टा लावत. लिनोलियमचा शोध लावणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टनने १८७७ मध्ये काढलेलं हे उठावदार, पुसता येणारं आवरण. पेट्या आणि छत्र्या आपटल्या तरी ते टिकायचं. नोकरांच्या खोल्यांत रुळावरचा स्वस्त कागद असे. तो बदलायला कोणी पैसे खर्च करत नसल्याने घरातला सगळ्यात जुना मूळ कागद अनेकदा माळ्यावरच्या खोलीत सापडतो. दिवाणखाना बघून निघून जाऊ नका. आणि कागद समजून कापड बघत नाही ना, याचीही खात्री करा. वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या विटविक मॅनरमध्ये महत्त्वाच्या खोल्यांच्या भिंतींवर मॉरिसचं विणलेलं कापड आहे.

घर दाखवणाऱ्यांना चार गोष्टी विचारा: नमुना कुठून मिळाला, तो याच खोलीतला होता का, छपाई कोणत्या पद्धतीची, आणि लावला कधी. याच भिंतीतून सापडलेल्या तळहाताएवढ्या तुकड्यावरून ठशांनी छापलेली प्रतिकृती ही दुसऱ्या घरातून विकत आणलेल्या अस्सल कागदापेक्षा त्या खोलीबद्दल जास्त खरं सांगते. नुसतं ‘त्या काळाला साजेसा’ असं उत्तर आलं, तर ती सजावट आहे, पुरावा नाही.

आता ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांच्यासाठी. इंग्लंडमध्ये घर संरक्षित यादीत असेल तर जुना कागद काढण्यापूर्वी स्थानिक कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला विचारा, परवानगी लागू शकते. हिरवा रंग दिसला तर तिथेच थांबा. शेले ग्रीन (१७७५) आणि एमराल्ड ग्रीन (१८१४) ही दोन्ही आर्सेनिकची रंगद्रव्यं. एकोणिसाव्या शतकात ती कागदावर सर्रास वापरली गेली, ‘ट्रेलिस’च्या सुरुवातीच्या छपाईतही आर्सेनिक आढळलं आहे. नक्षीत फक्त पानांपुरता हिरवा असला तरी धोका तोच. ओल लागली की काही बुरशा त्यापासून विषारी वायू तयार करतात, आणि कोरडा घासला तर भुगा श्वासात जातो. सँडपेपर नको, वाफेचं यंत्र नको. हातमोजे, बारीक धूळ अडवणारा एफएफपी-३ मास्क, आणि तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेणं. अखंड, कोरडा, न सुटलेला कागद तसाच ठेवून त्यावर लायनिंग पेपर, म्हणजे अस्तराचा कोरा कागद, लावणं बहुधा सगळ्यात सुरक्षित.

नमुना काढायचा तर मिथाइल सेल्युलोज या पाण्यात विरघळणाऱ्या खळीचा घट्ट लेप लावून थांबा आणि बोथट पातळ पात्याने हळूहळू सोडवा. शक्य असेल तर पट्ट्याची पूर्ण रुंदी आणि नक्षीची एक पूर्ण पुनरावृत्ती घ्या. पेपरातली चित्रं कापावी तसं सुंदर फूल कापून घेतलं तर पुनरावृत्ती कधीच कळत नाही. खाली आणखी थर असतील तर ते वेगळे करायची घाई नको, एका गठ्ठ्यात सगळे थर राहिले तर क्रम शाबूत राहतो. काढण्यापूर्वी मोजपट्टी ठेवून फोटो, पाठीवर मऊ पेन्सिलीने खोली, भिंत, उंची आणि वरच्या दिशेचा बाण. पेनची शाई नको, ती ओलीत पसरते.

नवा कागद लावताना हिशेब चुकतो तो पुनरावृत्तीमुळे. समजा खोली ४.२ बाय ३.६ मीटर आणि कागद लावायची उंची २.४ मीटर. परीघ १५.६ मीटर, ५२ सेंटिमीटर रुंदीने ३० पट्टे. कापाकापीसाठी १० सेंटिमीटर धरले की उंची २.५ मीटर. नक्षीची पुनरावृत्ती ५३ सेंटिमीटर असेल तर पट्टा पाच पूर्ण पुनरावृत्तींचा, म्हणजे २.६५ मीटर कापावा लागतो. दहा मीटरच्या गुंडाळीत असे तीनच बसतात, चार नाहीत. म्हणून दहा गुंडाळ्या आणि वर एक जास्तीची, सगळ्या एकाच बॅच क्रमांकाच्या. नक्षी अर्ध्या टप्प्याने सरकणारी असेल तर दोन गुंडाळ्या शेजारी उघडा आणि आळीपाळीने एकेकीतून कापा, तुकडे कमी वाया जातात.

ठशांचा कागद सरसाच्या रंगाचा असतो, म्हणून खळ समोरच्या बाजूला लागली तर ओल्या फडक्याने पुसू नका. रंगच निघतो आणि चकाकणारा डाग कायमचा राहतो. आधी लायनिंग पेपर आडवा लावून पूर्ण वाळू द्या, वरचे उभे सांधे त्याच्या सांध्यांवर येत नाहीत. गव्हाची खळ किंवा सेल्युलोजची खळ वापरा. पीव्हीए हा पांढरा कृत्रिम गोंद नको, कारण पुढच्या माणसाला तो कागद सोडवताच येणार नाही. खोली तापवून वाळवायची घाई केली की कागद आकसतो आणि सांधे उघडतात, पहिले दोन दिवस हीटर मंद ठेवा. जुन्या भरीव विटांच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर विनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, कागद टाळा. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, मागे काळी बुरशी धरते आणि वर्षा-दोन वर्षांत कागद फुगून सुटतो. क्षार फुटलेला गिलावा दिसत असेल तर कागद लावण्याआधी ओलीचं कारण शोधा, ते बहुधा तुंबलेल्या पन्हाळीत किंवा बाहेरून चढवलेल्या मातीत सापडतं.

उरलेली गुंडाळी फेकू नका. नाव, बॅच क्रमांक आणि लावल्याचं साल लिहून ती कोरड्या, अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवा. माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात फार तापतं आणि हिवाळ्यात दव धरतं.